ताटावरचा आडवा हात

सुनेनं सासूचं कौतुक केलं की ऐकणारी आधी विचारते, काय गं, काही काम आहे का तिच्याकडे? माझं काही काम नाही. आमचं भांडण आज सकाळीसुद्धा झालं, मेथीच्या देठांवरून. त्या म्हणे जाड निवडली, मी म्हणे मग तुम्हीच निवडा. तरीपण सांगते, माझ्या सासूसारखी बाई अख्ख्या जळगावात नाही. धुळ्याकडे एक होती, ती लग्न होऊन इकडे आली, तीच ही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलणार नाही. आधीच काय कमी मिऱ्या वाटतात माझ्या डोक्यावर.

वच्छलाबाई त्यांचं नाव, पण मेहरूणमध्ये सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते. माझे सासरे झुलालनाना डाळमिलमध्ये कामाला होते. ते गेले तेव्हा माझा नवरा समाधान शाळेत होता. अक्कांनी रडून घेतलं आणि मग चूल मोठी केली. पुढच्या खोलीत आधी पाट मांडले, पुढे बाकं आली, टेबलं आली, आणि तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्कांची खानावळ उभी राहिली. आज दुपारी पाइपच्या कारखान्यातली माणसं, औषधं विकणारे एमआर, बँकेतले साहेब, सगळे एका बाकावर बसून नाक पुसत शेवभाजी ओरपतात. थंडीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असली की बाहेर चपलांचा ढीग पडतो.

शेवटचं ताट उचललं गेलं की अक्का पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "बठ्ठा जेवनात का?" सगळे जेवले का, एवढंच. मी हो म्हटलं की मग त्यांचं पान वाढायचं. कुणी एक जण उशिरा यायचा असेल तर त्या तशाच बसून राहणार. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे गिऱ्हाइकांना दाखवायला आहे. मग लक्षात आलं की दाखवायला बघणारा तरी कोण असतो त्या वेळी. मी आणि मांजर.

दुसरी एक गोष्ट त्यांची आहे, ती मला माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळली. मी दोंडाईच्याची. आमच्याकडे काय, तुमच्याकडे काय, खानदेशात आग्रह म्हणजे कुस्तीच असते. नव्या नवरीला पंगतीत बसवलं आणि समाधानच्या सगळ्या आत्या-मावश्या जिलेबीची ताटं घेऊन माझ्यावर चालून आल्या. पोट फुटायची वेळ आली. मी ताटावर हात आडवा धरला, तर एका मावशीनं त्या हातावरच जिलेबी ठेवली. पाकानं बांगड्या चिकटल्या. सगळ्या हसायला लागल्या आणि मला रडू यायला लागलं. तेवढ्यात अक्का आतून आल्या. त्यांनी मावशीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "हात आडवा शे ना, मग बस."

मावशी रुसली ती पुढची दोन लग्नं बोलली नाही. पण अक्कांचा नियमच तो. वाढताना त्या तुम्हाला सोडणार नाहीत, घरची शपथ घालतील, तुमच्या आईची आठवण काढतील, भाकरीवर भाकरी टाकतील. पण जेवणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला की वाढणाऱ्यानं मागं व्हायचं. खाऊ घालणं कुणालाही येतं, थांबणं शिकावं लागतं, असं त्या मला भाकरी थापताना शंभरदा सांगायच्या. मी हूं म्हणायचे आणि पीठ मळायचे.

आमच्या खानावळीत एक मासा होता, आता तो कुठून आला ते सांगते.

प्रेमराज नावाचे एक साहेब होते, बँकेत. धुळ्याचे, इथं एकटेच राहायचे, दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. एकट्या माणसाला सोबत म्हणून त्यांनी खोलीवर काचेची टाकी ठेवली होती आणि त्यात एकच मासा, ऑस्कर जातीचा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे लाल डाग. त्यांची धुळ्याला बदली झाली. सामानाच्या टेम्पोत टाकी फुटेल म्हणून ती आमच्या खानावळीत आणून ठेवली, आठ दिवसांत घर लागलं की नेतो म्हणाले. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपल्यात म्हणतात. ह्या पाहुण्यानं सहा वर्षं मुक्काम केला. प्रेमराज साहेबांचं लग्न झालं, पोर झालं, मासा विसरला. अक्का कधी विसरल्या नाहीत की हा दुसऱ्याचा आहे आणि आपल्याकडे जेवायला आहे. त्याचं नावच पडलं पाहुणा.

खरं सांगते, मला आधी तो आवडायचा नाही. टाकी धुवायला कोण, तर मी. पण हळूहळू त्यानं मलाही गुंडाळलं. वीतभर झाला, अंगानं भरला. अक्का टाकीजवळून गेल्या की हा काचेला तोंड लावून त्यांच्या मागं मागं इकडून तिकडे. दुसरं कुणी गेलं तर ढुंकून बघायचा नाही. अक्का पाण्यात बोटं घालायच्या आणि तो येऊन बोटांना ढुशी द्यायचा. गिऱ्हाईक ताटं सोडून बघायला उठायचं.

आणि इथंच घोळ झाला. आमच्या खानावळीत येऊन कुणी उपाशी राहायचं नाही हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. शेवभाजीच्या टेबलावर वरून घ्यायला जाड शेव ठेवलेली असते, तिखटजाळ. जो तो जाताना दोन काड्या पाहुण्याला. तो गपकन खायचा. मग लोकांना अजून चेव. कुणी भाकरीचा चुरा, कुणी भात. अक्कांना कौतुक, कारण पाहुणा कधी नाही म्हणायचा नाही. माशाचे दाणे पुडीत तसेच पडून राहायचे. जळगावात राहून शेव आवडणारा मासा, म्हणजे आपलाच झाला, असं म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे. अति तिथं माती, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो फुगायला लागला. आधी वाटलं, खाऊन जाडा झाला. मग खवले उभे राहिले, सीताफळाचे डोळे उठतात ना, तसे. तो तळाला पडून राहायला लागला. अक्कांनी खाजाभाईंना बोलावलं. खाजाभाईंचं माशांचं दुकान आहे, आमच्या टाकीचे पंप-बिंप तेच बदलतात. त्यांनी टॉर्च लावून बराच वेळ बघितलं, काय काय खायला घालता विचारलं, आणि शेवेचं नाव ऐकल्यावर कपाळाला हात लावला. पोटात पाणी झालंय, आतून किडनी थकली असणार, म्हणाले. आधी खाणं पूर्ण बंद. पाणी रोज थोडं थोडं बदलायचं, औषध घालायचं, आणि एक मीठ सांगितलं. समाधाननं नाव वाचलं तर ते मॅग्नेशियम सल्फेट, कपाशीवर लाल्या रोग पडला की फवारतात तेच. म्हटलं, बघा, पाहुणा खानदेशचाच.

अक्कांना हसू आलं नाही. खाणं बंद, हे दोन शब्द त्यांना लागले होते. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना वाढलं तिला सांगितलं की ह्याला वाढू नका, वाढलंत तर मरेल. त्यांनी टाकीवर जुनी चादर टाकली आणि शेवेच्या वाट्या टाकीजवळच्या टेबलांवरून उचलल्या.

त्या दुपारी शेवटचं ताट उचललं. अक्का दारात आल्या, विचारलं, मी हो म्हटलं आणि पान वाढायला घेतलं. तर त्या टाकीकडे बघत म्हणाल्या, "तो उपाशी शे, मी कशी जेवसू?"

मला वाटलं एका दिवसाचं आहे. पण दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच. पाहुणा उपाशी असताना घरच्यानं जेवायचं नसतं, झालं. रात्री समाधान ओरडला की अर्धी भाकरी कुस्करून खायच्या, तीही पाठ फिरवून. त्यांना शुगर आहे. गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, म्हणजे काय होतं ते डॉक्टरांनी मला चांगलं समजावलंय. मी ताट वाढून समोर नेलं की त्या ताटावर हात आडवा धरायच्या. आता काय करणार? त्यांनीच शिकवलेलं. मी वाढणार कशी? माझा असा संताप झाला होता की टाकी उचलून रस्त्यावर आपटावी.

पाहुणा काही सुधारेना. कधी जरा वर यायचा, अक्कांचा जीव हरखायचा, संध्याकाळी परत तळाला. खाजाभाईंनी औषध बदललं. मग अक्का एका दुपारी तव्यासमोर भाकरी उलटताना तोल जाऊन पुढं झुकल्या आणि मी धरलं म्हणून, नाहीतर तव्यावरच हात गेला असता. घामानं चिंब, हात थरथर. मी साखर तोंडात कोंबली, बाकावर आडवं केलं, आणि मग माझा ताबा सुटला. भरल्या खानावळीत, गिऱ्हाइकांसमोर, मी सासूवर ओरडले.

"मासा जगो नाहीतर मरो," मी म्हटलं, "मला माझी सासू पाहिजे."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता माझं माहेर, माझी आई, माझी भाकरी, सगळं निघणार. पण त्यांनी फक्त पदर सारखा केला आणि खाजाभाईंना फोन लाव म्हणाल्या.

खाजाभाई आले ते बाकावर टेकले, चहा घेतला, आणि सरळ बोलले. खवले इतके उभे राहिल्यावर परत बसलेले त्यांनी फार थोड्या वेळा बघितलेत. अजून एक औषध आहे, खाण्यात मिसळून द्यायचं, पण त्यासाठी त्यानं खायला पाहिजे. नाहीतर लवंगेचं तेल पाण्यात घालतात, मासा झोपतो आणि झोपेतच जातो, त्याला दुखत नाही. ठरवायचं तुम्ही, अक्का, मी दोन्ही करून देतो.

अक्कांनी विचारलं, मीच खाऊ घालून मारला का? मला वाटलं भला माणूस आहे, खोटं बोलेल. पण नाही बोलले. म्हणाले, शेवेनं झालं असेल, वयानं झालं असेल, पाण्यानंही झालं असेल, पण शेव द्यायला नको होती. अक्कांनी मान हलवली. खोटं बोलला असता तर मला राग आला असता, असं नंतर मला म्हणाल्या.

मग ठरवायचं कुणी, ह्यावरून आमच्या घरात पंचायत बसली. समाधान म्हणाला, मेहरूण तलावात सोडून देऊ, मोकळ्या पाण्यात जाऊ दे, पुण्य लागेल. खाजाभाई म्हणाले, अजिबात नको, तिथल्या माशांना रोग देईल आणि हा तर मरेलच. आणि अक्का म्हणाल्या, माझ्या घरी जेवलेला मरायला टेकला म्हणून त्याला बाहेर काढू का? शेवटी अक्कांनी धुळ्याला प्रेमराज साहेबांना फोन लावायला लावला, कारण मासा त्यांचा. साहेबांना आधी कुठला मासा तेच आठवेना. आठवल्यावर बिचारे ओशाळले, म्हणाले, अक्का, तो तुमचाच आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मासाच आहे शेवटी. अक्कांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मी काय म्हणते तेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी काही सांगणार नाही, मला तुमची काळजी आहे, पाहुण्याची नाही, म्हणून माझं ऐकू नका. हे मी खरंच बोलले, आणि बोलून माझंच मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाज्या चिरायच्या आधी, अक्कांनी मटार उकडले. साल काढून, बोटानं दाबून, त्यात खाजाभाईंनी दिलेलं औषध घातलं. टाकीवरची चादर काढली. साडीचा पदर खोचला आणि बाही वर करून हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. मी परात धुता धुता बघत होते. पाहुणा कोपऱ्यात होता. अक्कांची बोटं बघून तो हलला, आणि मला वाटलं येतो आता. तो वळला आणि त्यानं बोटांकडे पाठ केली.

अक्कांनी हात फिरवून त्याच्या पुढं नेला. आग्रह करायला त्यांच्यासारखं कुणी नाही, पाण्यातसुद्धा तसंच, हळू, लाडानं, बोटं हलवत. त्यानं मटार तोंडात घेतला. एवढा वेळ घेऊन ठेवला की मी परात खाली ठेवली. मग त्यानं तो बाहेर सोडला आणि परत पाठ केली. मटार हळूहळू तळाला गेला.

अक्कांनी तिसऱ्यांदा हात नेला नाही. हात पाण्यातच होता, पण मागं घेतलेला, काचेशी. मला म्हणाल्या, "त्याले आते नको शे."

ते ऐकून माझे डोळे भरले, सांगून टाकते. मला माझ्या पाकाच्या बांगड्या आठवल्या. ह्या बाईचा सहा वर्षांचा लळा आणि अंगातला सगळा आग्रह एका बाजूला, आणि एका माशाची पाठ दुसऱ्या बाजूला. आणि ती मागं झाली. तो बोलू शकत नव्हता, त्याला हात नव्हता, तरी त्याचा आडवा हात तिला दिसला. मी इतकी शिकलेली, मला दिसला नव्हता. मला फक्त राग दिसत होता माझा. अभिमान वाटला, भयंकर वाटला. दोंडाईच्याला आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, अगं पण मासाच ना. मी फोन ठेवून दिला.

खाजाभाई लवंगेचं तेल घेऊन आले. दाढ दुखली की कापसाला लावतो, तेच. त्यांनी टाकीतलंच पाणी एका टबात काढलं, तेल वेगळ्या बाटलीत पाण्याशी घुसळलं आणि थोडं थोडं घालत गेले. पाहुण्याला टबात सोडलं तेव्हा अक्कांनी हात पाण्यात ठेवला होता. खाजाभाई म्हणाले, अक्का, तुमचा हात बधिर होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे. पाहुणा त्यांच्या तळव्याला टेकला आणि हळूहळू कलला. सगळीकडे लवंगेचा वास, मसाला वाटायला घेतल्यासारखा. खाजाभाईंनी बराच वेळ थांबून, खात्री करून सांगितलं, गेला. मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली समाधाननं खड्डा केला.

मला वाटलं आज खानावळ बंद. तर अक्का साबणानं हात धुऊन पिठाकडे. मंगळवार होता, वरणबट्टीचा. दुपारी बाकं भरली, लोकांना रिकामी टाकी दिसली, कुजबुज सुरू झाली. अक्का हातात तुपाची वाटी घेऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. पाहुणा गेला, म्हणाल्या. आपण सगळ्यांनी त्याला जे सोसत नाही ते खाऊ घातलं, आणि सगळ्यांत जास्त मी, कारण घर माझं आणि मला थांबवता आलं असतं. एवढं बोलून त्या बट्ट्यांवर तूप सोडत पुढं गेल्या. एका म्हाताऱ्या कामगारानं ताट सरकवून हात जोडले. मी वरणाचं पातेलं घेऊन त्यांच्या मागं चालत होते आणि माझी मान ताठ झाली होती. अशी भरल्या पंगतीत चूक कबूल करणारी सासू दाखवा मला एक. सून तर नाहीच, मीही नाही.

शेवटचं ताट उचललं. मी टेबलं पुसली. अक्का दारात आल्या, पदराला हात पुसत. त्यांची नजर रिकाम्या टाकीवर गेली आणि तिथंच थांबली. मला वाटलं आज विचारणार नाहीत, आणि मग मी काय करू ते मला कळेना.

"बठ्ठा जेवनात का?" त्यांनी विचारलं.

"जेवले अक्का," मी म्हटलं. "सगळे उठले पानावरून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसल्या. मी ताट मांडलं. बट्टी कुस्करली, वरण घातलं, तूप घातलं. त्या जेवायला लागल्या. मी दुसरी बट्टी घातली, तिसरी घातली, वांग्याची भाजी घातली, हात काही आडवा आला नाही. मी वाढत होते आणि त्या खात होत्या, आणि मला त्या ताटापुढून उठवेना. भात मात्र मी दोन चमचेच वाढला. शुगर आहे त्यांना. त्यावरून त्या माझ्याशी जे भांडल्या, की बाहेर पान खात उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं.